जावयाला दिलेला गीझर

आमच्या बाबांना देवाने दोन मुली दिल्या, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतः एक गीझर आणला. तिघांत लाडका कोण, हे सांगायला नको. आदिलाबादेत आमच्या गल्लीत तोवर सगळ्यांचं पाणी चुलीवर तापायचं. त्यामुळे घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी न्हाणीघर दाखवलं जाई. बाबा बटण दाबत, लाल दिवा लागे, आणि पाहुण्याने 'वा' म्हटल्याशिवाय त्याची सुटका होत नसे. ताईला बघायला आलेल्या मंडळींनाही आधी गीझर दाखवला, मग ताई.

दोन्ही पसंत पडले. ताई बाजारहत्नूरला दिली. भाऊजी तिथे शाळेत मास्तर. घरची शेती, विहिरीवर मोटर, छतावर टाकी. लग्नाच्या पंगतीत बाबांनी चार लोकांसमोर जाहीर करून टाकलं, की दिवाळसणाला आमचे जावई गीझरच्या पाण्याने न्हातील.

गीझरने हे ऐकलं असावं. दिवाळी तोंडावर आली आणि तो खालून गळायला लागला. बाबा आधी म्हणाले, त्याला घाम येतो. मग त्यांनी भेगेत साबण भरला. साबण विरघळला तेव्हा कणीक लावली. आईने कणकेचा डबा उचलून माळ्यावर ठेवला, तेव्हा कुठे मिस्त्रीला बोलावणं गेलं. मिस्त्री अर्धं तेलुगूत, अर्धं हिंदीत म्हणाला, तुमचं पाणी खारं आहे, आतली टाकी तळातून सडली, आता फेकून द्या. बाबांना इतका राग आला, जणू त्याने घरातल्या माणसाविषयी तसं सुचवलं होतं.

"गळते तर गळते म्हना," आई म्हणाली. "चुलीवर तापवून देतो आमी."

पण बाबांची सारी नोकरी तहसीलच्या दफ्तरात गेलेली. काम झालं नाही तरी चालेल, कागद बरोबर दिसला पाहिजे, ही विद्या त्यांना तिथे आली होती. त्यांनी मिस्त्रीकडून गीझरचं पाणी तोडून घेतलं. छतावर एक छोटा ड्रम ठेवला आणि त्याचा पाइप गीझरच्या मागून थेट नळाला जोडला. गीझर कोरडा, म्हणून थेंब गळायचा प्रश्न नाही. लाल दिवा मात्र लागत राहील, एवढी सोय करून घेतली. आता ड्रममध्ये गरम पाणी कुठून येणार, हा प्रश्न बायकांचा.

नरक चतुर्दशीला पहाटे आईने मागच्या अंगणात पऱ्हाट्या पेटवल्या. कापूस वेचून झाला की उरलेली वाळकी झाडं, तेच आमचं सरपण. मी तेव्हा कॉलेजात होते. एका हातात बादली, दुसऱ्याने शिडी धरलेली, अशी मी चढत होते आणि खाली बाबा कुजबुजत होते, आवाज करू नको, जावई उठतील. ताईने भाऊजींना तेल लावलं. तिला सगळं माहीत होतं, पण ती नवऱ्याकडे पाहत नव्हती.

भाऊजी न्हाऊन आले आणि गीझरचं तोंड भरून कौतुक केलं. बाबा फुगले. फराळाच्या वेळी रीतीप्रमाणे जावई रुसले, ताटाला हात लावेनात. बाबांनी अंगठी काढून ठेवलीच होती. काय पाहिजे ते सांगा, म्हणाले. भाऊजी म्हणाले, गीझर.

आईला ठसका लागला. बाबांचं तोंड सुपारी अडकल्यासारखं झालं. खरं सांगायला ती शेवटची संधी होती, तीही त्यांनी घालवली. "न्या की," म्हणाले. "तुमच्यापुढं गीझर काय!"

दोन दिवसांनी ताई गीझर मांडीवर घेऊन बसमध्ये बसली. बाबा खिडकीशी जाऊन भाऊजींना म्हणाले, सांभाळून न्या, आमच्याकडे एक थेंब गळला नाही.

पुढच्या दिवाळीला दोघं आली. बाबा आणि भाऊजी ओसरीवर बसले. आत मी चकल्या तळत असताना आईने गीझरचं विचारलं, तेव्हा ताईने सांगितलं. पहिल्या दिवसापासून गळत होता. सासूने ठरवून टाकलं की सुनेने बसमधून उतरताना आपटला. माहेरून धड आलेली वस्तू हिने फोडली, हे तिला वर्षभर रोज आंघोळीच्या वेळी ऐकावं लागत होतं.

"मग सांगतलं काऊन नाही?" मी विचारलं.

"बाबा खोटे पडले असते," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. झारा हातात तसाच घेऊन मी ओसरीवर गेले आणि भाऊजींना सगळं सांगितलं, कणकेपासून शिडीपर्यंत. बाबा जमिनीकडे पाहत होते. भाऊजी मात्र हसायला लागले.

"मले तर तवाच समजलं होतं," ते म्हणाले. "गीझरच्या पाण्याले पऱ्हाटीचा वास येते का? म्हटलं, गीझरच मागून तर पाहू, मामाजी काय करतात."

मग बाबाही हसले. आपली अब्रू गेली नाही, उलट जावयाला गंमत वाटली, एवढ्यानेच ते सुटले. दोघांनी एकमेकांना टाळी दिली. मला त्या क्षणी दोघांचीही किळस आली.

ताई दारात उभी होती. ती कधी आली ते कोणालाच कळलं नव्हतं.

"तुमाले मालूम होतं," ती नवऱ्याला म्हणाली. "मग वर्षभर तुमच्या आईसमोर गप काऊन बसले?"

भाऊजींचं हसू ओसरलं. त्यांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी झाऱ्याकडे.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईने बाबांना आणि भाऊजींना उठवलं, पुढ्यात पऱ्हाट्या आणि काडेपेटी ठेवली आणि पुन्हा जाऊन आडवी झाली. दोघं धुरात डोळे पुसत चूल फुंकत बसले. पहिली बादली ताईची, असं आईने बजावून ठेवलं होतं. पाणी तापल्यावर भाऊजी बोलवायला आले, तर ताई गाढ झोपली होती. आईने त्यांना सांगितलं, थांबा. ते बादलीजवळ जाऊन बसले.