नाकाडोंगरीच्या चढावर अडलेली मालगाडी

"नॉच उतरवा, लांजेवार! चाकं घसरतायत!"

"उतरवूनच राहिलो म्याडम! पटरीले पकडच नाही!"

इंजिनाची ताकद एकेक नॉच, म्हणजे एकेक टप्पा, उतरत होती, तरी चाकं जागच्या जागी गरगरत होती. मागे मँगनीजच्या खनिजाने काठोकाठ भरलेली मालगाडी. लांजेवारने चाकांपुढे वाळू सोडली. इंजिनाला त्यासाठी खास पेट्या असतात. घसरणाऱ्या चाकाला वाळूमुळे धर मिळतो. या वेळी मिळाला नाही. वेग माणसाच्या चालण्याइतका झाला, मग मुंगीचा झाला, आणि गाडी थांबली. नाकाडोंगरीच्या पुढे, जंगलातल्या चढावर. याआधी दोनदा थांबली होती त्याच जागी.

मी लोको इन्स्पेक्टर आहे. इंजिन चालवणाऱ्या लोको पायलटांचं काम तपासणं हे माझं काम. खाणींवरून तुमसरकडे येणाऱ्या या शाखा लाइनवर एकच रूळमार्ग आहे. एक गाडी अडली की सगळंच अडतं. आधीच्या दोन्ही वेळी लांजेवारच गाडीवर होता. इंजिनं दुरुस्त करणाऱ्या शेडने इंजिन तपासलं, ठीक निघालं. ट्रॅकवाल्यांनी रूळ मोजले, तेही ठीक. मग उरला माणूस. "नीट चालवत नाही," असं ठरलं, आणि मला त्याच्याबरोबर इंजिनात पाठवलं.

मी सबंध वेळ त्याच्या हाताकडे बघत होते. चूक नव्हती.

मोबाइलवर आमचे विभागाचे साहेब होते.

"फिर स्टॉल हुआ? परत अडली? मी दुसरं इंजिन पाठवतो. लांजेवारला आजच रनिंगमधून काढायचं, गाडी द्यायची नाही. तसं लिहून द्या."

"सर, माझ्यासमोर झालंय. त्याने बरोबर चालवली."

"मग गाडी का थांबली?"

"तेच बघते. इंजिन पाठवू नका अजून."

कारण एकदा मदत मागितली की अडलेली गाडी जागची हलवायची नाही, असा नियम आहे. मग मला काहीच करता आलं नसतं.

"एक तास," साहेब म्हणाले. "तासाभरात गाडी वर, नाही तर माणूस खाली."

लांजेवारने ते ऐकलं होतं. वीस वर्षांची नोकरी. त्याने पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली.

"म्याडम, मले ऑफिसात बसवतीन का आता?"

"बसवतील तेव्हा बघू. आधी खाली उतरा."

इंजिनापुढे रूळ चकचकीत होते. रूळ चकचकीतच असतात, त्यात बघण्यासारखं काही नसतं. मी वाकून माथ्यावरून बोट फिरवलं. बोट सरकलं. ओशट! चार पावलं पुढे, परत ओशट. दुसऱ्या रुळावरही तेच. बोट नाकाशी नेलं. हे इंजिनाचं ऑइल नव्हतं, ग्रीसही नव्हतं. माझं माहेर याच भागातलं, एकोडीचं. हा वास मी ओळखणार नाही तर कोण?

"लांजेवार, वास घ्या."

त्याने घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिला. "टोरी?"

टोरी म्हणजे मोहाची बी. आमच्याकडे तिचं तेल काढतात. पण रुळाला टोरीचं तेल कुठून येणार? मी मान वर केली. रुळांसाठी टेकडी कापून काढलेल्या कापाच्या वर मोहाची झाडं दाट होती, आणि त्यांच्या सावलीत सहा-सात बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या. गाडी कधी जाते याची वाट बघत.

मी चढून वर गेले. टोपल्यांत टोरीच होती. अर्धी फोडलेली, अर्धी अख्खी.

"मावशी, ही टोरी कुठं फोडता?"

सगळ्यांत म्हातारी होती ती सायत्राबाई. तिने खाली रुळांकडे हनुवटी केली. "पटरीवर."

"काहून?"

"घरच्या गोट्यावर सटकते बाई. पटरीवर एकाच ठोक्यात फुटते. सावली बी हाय. सकारची पॅसेंजर गेली का बसतो, मालगाडीच्या आंधी उठतो. टाइम माहीत हाय आमाले."

"आणि टरफलं?"

"झाडून नेतो. चुलीले होतात."

म्हणून कोणाला काही दिसलं नव्हतं. पॅसेंजरनंतर या रुळांवरून पहिली जाणारी गाडी लांजेवारची. फुटलेल्या बियांचं तेल त्याच्याच चाकांना लागायचं, आणि वाळू त्यात मिसळून नुसता चिखल व्हायचा. चाक रुळाला टेकतं ते जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. तेवढी जागा तेलकट झाली की इंजिन कितीही ताकदीचं असो, खड्ड्यात गेलं!

लांजेवार धापा टाकत वर पोचला होता. "माह्या नोकरीवर टोरी फोडून राहिल्या का वो तुमी!"

"येवढी मोठी तुही गाडी," सायत्राबाई म्हणाली, "अन् बोटाएवढ्या टोरीले भेते?"

बाया हसल्या. मला हसायला वेळ नव्हता.

"मावशी, टोरीचं भांडं कशानं घासता?"

"राखेनं."

"वस्तीतली असेल नसेल ती राख आणा. पोतीही आणा."

गार्डशी वॉकीटॉकीवर बोलून आम्ही गाडी मागे सपाटीवर घेतली. कंट्रोलला सांगितलं, दोन्ही बाजूंनी काही सोडू नका. दोन्हीकडे लाल झेंडे लावले. मग कामाला लागलो. जवळच रुळांच्या कामावर असलेले ट्रॅकवरचे दोघे, लांजेवार, मी आणि त्या बाया. राख चोळायची, पोत्याने पुसायची, परत कोरडी राख. ओली राखही घसरवते, म्हणून शेवटचा हात कोरड्या पोत्याचा. मी दर दहा पावलांवर बोट लावून बघत होते. सायत्राबाईने माझं पुसणं बघितलं आणि पोतं हातातून काढून घेतलं. "दे बाई इकडं. तू भांडे नाही घासत वाटते घरी."

तास संपत आला. सगळ्यांना कापावर चढवलं, झेंडे काढले.

"लांजेवार, सपाटीवरच वेग धरा. चढाला लागलात की घाई नाही."

इंजिन निघालं. मी खिडकीतून चाकांकडे बघत होते. ती जागा आली. चाक एकदा निसटलं. लांजेवारने नॉच उतरवला, वाळू सोडली, परत चढवला. धरलं! वेग उतरला, पण थांबला नाही. मालाचा एकेक डबा चढ ओलांडत होता. वर बाया ओरडत होत्या, आणि लांजेवार हॉर्नवरचा हात काढायलाच तयार नव्हता.

"पुरे आता, कान फुटले!" मी म्हटलं. पण त्याच्या पाठीवर थाप मारायला मीही विसरले नाही.

साहेबांना फोन लावला. "सर, गाडी वर."

"कारण?"

"टोरी."

"कोण टोरी?"

समजावून सांगेपर्यंत पुढचं स्टेशन आलं.

लांजेवार आजही त्याच गाडीवर आहे. बायांना मी स्पष्ट सांगितलं, रुळावर बसणं गुन्हा आहे, आणि एखाद्या दिवशी पॅसेंजरला उशीर झाला तर जीव जाईल. सायत्राबाईला गुन्ह्याचं काही वाटलं नाही. उशिराचं पटलं, कारण पॅसेंजरला उशीर होतो हे तिला माहीत होतं. त्यांनी टोरी फोडायला लोहाराकडून जाड लोखंडी पाटा करून घेतला.

शेडने इंजिन शेडमध्ये नेऊन तपासलं होतं. ट्रॅकवाल्यांनी रूळ मोजले, ते गाडी गेल्यावर, चाकांनी तेल पुसून नेल्यावर. दोघांचंही बरोबर होतं. गाडी अडली असताना, अडली त्या जागी वाकून बघायचं मात्र कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. माणसाला दोष देणं तेवढं सगळ्यांच्या कामात बसत होतं.