भावाच्या घरातल्या झिणझिण्या

धुळ्यात माझ्या थोरल्या भावाचं घर आहे. निवृत्त झाल्यावर त्याने ते नवं केलं. म्हणजे पाहुण्यांना दिसतं तेवढंच. खाली चकचकीत फरशी, वर पीओपीचं छत, त्यात लपवलेले दिवे. भिंतीतली आणि छतामागची वायर मात्र आमच्या वडिलांच्या वेळची. तेव्हा घरात दिवे आणि एक पंखा, एवढंच होतं. आता त्याच वायरीवर फ्रिज, गिझर, ओव्हन, आणि वर एसी हवा. "जुनं तांबं आहे, आजच्या मालात तो दम नाही," असं तो सांगायचा, जणू खाणीतून त्यानेच उपसलं होतं.

घराला अर्थिंग नव्हतं. प्लगला तिसरं भोक होतं, त्याच्या मागे काहीच जोडलेलं नव्हतं. ओल्या हाताने फ्रिज उघडला की हात झिणझिणायचा, म्हणून वहिनी स्वयंपाकघरात रबरी चप्पल घालून वावरायची. भावाच्या मते करंट वेगळा आणि झिणझिण्या वेगळ्या. "तिला सवय झालीय," म्हणायचा. बायकोला शॉकची सवय झाली, हे तो घराचा एखादा गुण सांगावा तसं सांगायचा.

एसीसाठी लोड वाढवायचा तर नव्या नियमाप्रमाणे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा ब्रेकर लावणं भाग होतं. वायरमनने तो लावला आणि बजावलं, "भाऊ, आधी अर्थिंग करा, वायरी बदला. नाहीतर हा सारखा पडेल."

"आणि छत फोडू का? नियम करणाऱ्यांचं काय जातं!"

ब्रेकर पडायला लागला. गिझर लावला की पडे, फ्रिज सुरू झाला की पडे. घरात वीज गळतेय, एवढंच तो बिचारा सांगत होता. भावाने ओळखीच्या कुणाकडून तरी वायरी थेट जोडून घेतल्या. ब्रेकर भिंतीवर शोभेला राहिला. तपासणीला आलेल्या साहेबांनी तो सोफ्यावरूनच पाहिला, चहा घेतला आणि सगळं नियमात असल्याचं सांगून ते निघून गेले.

मे महिन्यात मी जळगावहून त्यांच्याकडे गेले होते. एसी अजून यायचा होता; दुपारी वहिनी कूलरमध्ये पाणी भरत होती. फरशी नुकतीच पुसलेली, म्हणून पायात चप्पल नव्हती. किंकाळी आली नाही, घशात अडकल्यासारखा एक आवाज आला. मी वळून पाहिलं तर तिचा हात कूलरच्या पत्र्याला चिकटलेला. मी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला, तेव्हा ती कोसळली. श्वास चालू होता, तळहात भाजला होता.

दवाखान्यात भाऊ काय म्हणाला असेल? "कूलर भंगार झालाय. नवा आणू."

"तुझं डोकं भंगार झालंय," मी म्हणाले. नर्स हसली, त्याला ते लागलं. बायकोचा हात भाजला त्यापेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी वहिनी घरी आली. हाताला पट्टी तशीच. आत येताच तिने मेन स्विच पाडला, त्याच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. एरवी ती आमच्यासारखंच बोलते. चिडली की तिच्या गावाची भाषा येते.

"बठ्ठी वायर बदला, मंगच चावी देसू."

"अगं, सगळी वायर? एवढ्या उन्हात तोवर काय करायचं?"

"घाम येऊ द्या. सवय होईल."

आयुष्यभर साहेबी केलेला माझा भाऊ बनियनवर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होता, फ्रिजमधलं दूध नासल्याबद्दल कुरकुरत होता. संध्याकाळपर्यंत त्याने स्वाभिमान टिकवला. मग स्वतःच वायरमनला फोन केला.

छत फोडलं. आतून निघालेल्या वायरीच्या आवरणाचा हातात घेताच भुगा व्हायचा. अंगणात अर्थिंगसाठी खड्डा खणला, सगळ्या वायरी नव्या ओढल्या, ब्रेकर नीट जोडला. तो पुन्हा पडला नाही. वहिनीच्या हातावरचा डाग मात्र राहिला.

पुढे जामनेरला एका लग्नात भेटलो. पंगतीत भाऊ नातेवाइकांना शिकवत होता, "जुनं घर असलं तर आधी अर्थिंग बघा. नियम उगाच नसतात. मी तर हिच्यासाठी अख्खं छत फोडलं!"

शेजारी वहिनी जेवत होती. "हो ना," ती म्हणाली, "फार काळजी यांना."

पंगतीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. भावाला ते कौतुक वाटलं. त्याने आणखी एक जिलेबी मागून घेतली.