चिठ्ठीतल्या चार ओळी

बुधवारी सकाळी नऊ वाजता अण्णाला ऑपरेशनसाठी आत नेलं. साडेदहाला डॉक्टर बाहेर आले. भूल उतरली नाही, म्हणाले. मी विचारलं, "गुडघ्याचं काय झालं?"

हे मी खरंच विचारलं. अण्णा गेला, हे डॉक्टरांनी मला पुन्हा सांगितलं. बाकाखाली अण्णाच्या वहाणा होत्या.

घरातल्यांना एवढंच ठाऊक आहे. त्याच्या आधीचं मी कुणालाही सांगितलेलं नाही — वहिनींना नाही. आमच्या वडिलांनी, दादांनी, शेवटच्या घडीला माझा हात धरला होता, तेव्हा त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे.

अण्णा माझा थोरला भाऊ. चाकणच्या अलीकडे आमचं गाव. तो शेत बघायचा, म्हणून मी शिकू शकलो. हे आधीच सांगायला हवं होतं.

तो गेला त्या साली चाकणच्या बाजारात कांद्याची गोणी पाठीवर घेऊन तो गाडीतून उतरत होता. पाय दगडांच्या फटीत अडकला आणि अंग फिरलं. सूज ओसरली, पण चालताना गुडघा मधेच निसटायचा. वैद्याचे लेप झाले, पट्ट्या झाल्या. शेवटी मी त्याला पुण्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तपासून त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि मला थांबवलं — शिकलेला म्हणून. गुडघ्यातला बंध तुटला आहे, म्हणाले, आणि इंग्रजीत चिठ्ठी लिहून दिली. चार ओळी. सहा महिने घोट्याला वाळूची पिशवी बांधून रोज पाय उचलायचा; घरातल्या कुणीतरी जवळ बसून करून घ्यायचं; शेतकाम बंद. पुष्कळांचा गुडघा एवढ्याने सावरतो. नाहीतर ऑपरेशन — हवं तर आताही करू, पण त्यात धोका आहे. रोग्याला दोन्ही सांगावं, त्याने ठरवावं.

त्याने ठरवावं.

त्याच आठवड्यात पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात मला कारकुनाची जागा मिळाली होती. एक तारखेला हजर व्हायचं होतं. सहा महिने पिशवी बांधून जवळ कोण बसणार? औत कोण धरणार? दादांना तर दमा. व्यायाम म्हणजे मी. ऑपरेशन म्हणजे दवाखाना. ऑपरेशननंतरही तो महिनोन् महिने पडून राहील, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण तोवर मी पिंपरीत रुजू झालेला असणार होतो — मग मला कोण परत बोलावणार होतं?

बाकापर्यंत दहा पावलं असतील. तेवढ्यात माझं ठरलं.

"काय म्हनला रं डाक्टर?"

"ऑपरेशन करावं लागेल."

"आन् त्यो कंपौंडर म्हनत व्हता, वाळूची पिशवी बांधून बी बरं व्हतंय. कागदात हाय का तसं काय?"

मी चिठ्ठी उघडली. वरपासून खालपर्यंत नजर फिरवली — तो बघत होता म्हणून. "नाही," म्हणालो.

तो हसला. "न्हाई तर न्हाई. कंपौंडरापरीस आमचा सायेब लई शिकल्याला हाय."

ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. त्या दिवशी संमतीच्या कागदावर त्याने अंगठा उठवला. कुठे उठवायचा ते मी बोटाने दाखवलं.

दिवस घालून झाल्यावर वहिनींनी फडताळातून एक पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. जुन्या धोतराची, दुहेरी शिवलेली. उचलली तर जड.

"यांनी शिवून घेतली व्हती, भाऊजी. रोज पहाटं गोठ्यात बसून पाय उचलायचे. तुमी हसाल म्हून सांगू नगं म्हनले."

मी पिशवी परत खाली ठेवली.

"जायच्या आदल्या दिशी म्हनले, जरा धरतोय गं गुडगा. म्या म्हनलं, मग नगा जाऊ. तर म्हनले, कागदात आपरेशनच लिवलंय. भावानं वाचलंय."

त्या पदराने डोळे पुसत होत्या. मी पिशवीची शिवण बघत होतो. तीन आठवडे — मी घरातच होतो, जेवायला रोज त्याच्या शेजारी बसत होतो. एकदाही तोंड उघडलं नाही. आता तरी उघडायचं होतं ना? मी म्हणालो, "ही मी नेऊ का, वहिनी?" त्या म्हणाल्या, "न्या की. तुमचाच भाऊ व्हता."

डॉक्टरांनी लिहिलं ते बरोबर होतं. कंपौंडर बोलला ते खरं होतं. अण्णाने विचारलंही होतं. खोटं एकट्या माझ्या तोंडून निघालं, आणि तो माझ्याच शब्दावर आत गेला.

मी एक तारखेला हजर होऊ शकलो नाही, सुतकात होतो. कारखान्यातल्या साहेबांनी जागा राखून ठेवली. अजून तिथेच आहे.

रहाटणीच्या माझ्या खोलीत फळीवर पुस्तकांशेजारी ती पिशवी आहे. वहिनींकडे कुठलाही कागद आला, की त्या तो घेऊन माझ्याकडेच येतात. मी वाचून दाखवतो.