पिस्तोचा उजवा हात

माझ्या शेडमध्ये काठीनं चेंडू भोकात घालायच्या पूल खेळाची दोन टेबलं आहेत आणि दोन्हींवर पिस्तोनं गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांना लोळवलंय. न्हावी दोमेंग आला, वाडीचे कप्तान आले, प्रार्थना आटोपून झगा बदलायच्या आत येणारे फादरसुद्धा आले. मी शेडची मालकीण. मला सगळे मानांग साल्वे, म्हणजे साल्वेताई, म्हणतात, आणि माझ्या पाठीमागे माझं तोंड फटकळ आहे असंही म्हणतात. म्हणू देत. ज्याला सोसत नसेल त्यानं दुसरी शेड शोधावी. आमच्या गिंबाल गावात दुसरी नाही.

पिस्तोचं पूर्ण नाव तिओफिस्तो पाल्मारेस; गाव त्याला नोंग, म्हणजे दादा, म्हणतं. तो माझ्या शेजारच्या बेकरीत पाव भाजतो. सकाळचा पाव संपला की अंगावरचं पीठ झटकत माझ्याकडे येतो. माझ्या टेबलाचं हिरवं कापड त्याच्यामुळे सदा पांढुरकं असतं आणि त्यावरून मी त्याला रोज बोलते.

आमच्याकडे एक रीत आहे. तगड्यानं कमजोराला सूट द्यायची. तिला आम्ही पार्तिदा म्हणतो. ती मागायला इथं कुणालाच लाज वाटत नाही. उलट घासाघीस करून जास्तीत जास्त पदरात पाडून घेणारा हुशार समजला जातो. पिस्तो आधी एखादा डाव सोडून द्यायचा. मग दोन. तरीही तोच जिंकायचा. शेवटी एक दिवस दोमेंग म्हणाला, "नोंग पिस्तो, एका हातानं खेळणार असशील तरच मी काठी उचलतो."

पिस्तोनं हसून डावा हात मागच्या खिशात घातला, काठी टेबलाच्या कडेवर टेकवली आणि दोमेंगला हरवलं. झालं! त्या दिवसापासून गावानं त्याचा डावा हात खिशातून बाहेर येऊच दिला नाही. वीसेक वर्षं झाली असतील. पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, तीही येऊन हेच म्हणायला लागली, "एका हातानं ना, नोंग?"

एकदा शेडमध्ये कुणी नव्हतं. मी टेबल झाडत होते आणि तो बाकड्यावर बसला होता. म्हणाला, "मानांग, एकदा तरी कुणाशी बरोबरीनं खेळायचंय. हरलो तरी चालेल. पण समोरच्यानं काही न मागता आणि काही न सोडता खेळावं."

"असा वेडा या गावात जन्माला यायचाय," मी म्हटलं. तो हसला, पण मला त्याचं वाईट वाटलं.

म्हणून मनिलात नऊ चेंडूंची जागतिक स्पर्धा भरणार आणि आधीच्या फेऱ्यांत कुणालाही नाव देता येतं असं कळलं, तेव्हा मीच त्याचं नाव देऊन टाकलं. त्या फेऱ्यांत टिकला तो थेट जगातल्या नावाजलेल्या खेळाडूंच्या पंगतीत. आम्ही तिघं निघालो तेव्हा त्याची बायको निल्दा त्याला दहादा बजावत होती, "तिथं दोन्ही हातांनी खेळा हं! जगभरची माणसं असतील. त्यांना वाटायला नको की आम्ही टिंगल करायला आलोय."

त्यानं तिचं ऐकलं. पहिल्या दोन सामन्यांत समोरचे कच्चे होते म्हणून निभावलं. निल्दा टाळ्या वाजवत होती, पण मी त्याला वर्षानुवर्षं पाहिलेलं. डावा हात टेबलावर ठेवायचा म्हणून ठेवत होता, आणि मग तो हातच त्याच्या आड येत होता. परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखा अवघडून खेळत होता बिचारा.

त्या फेऱ्यांतला शेवटचा सामना तैवानच्या श्यू वेन-ताय यांच्याशी पडला. पन्नाशीचा, शिडशिडीत, इस्त्रीच्या घडीसारखा माणूस. आधी नऊ डाव घेईल तो पुढे जाणार होता. श्यूंनी सात घेतले तेव्हा पिस्तोचे कसेबसे दोन होते. पंचांनी थोडी विश्रांती दिली तसा तो प्रेक्षकांच्या कठड्यापाशी आमच्याकडे आला. चेहरा उतरलेला.

"मानांग, हा डावा हात माझा नाहीच गं."

"मग ठेव की खिशात!"

"अहो, नका हो," निल्दा घाबरली. "त्यांना वाटेल तुम्ही त्यांना सूट देताय. एवढ्या मोठ्या माणसाला!"

"तेच तर," पिस्तो म्हणाला. "जन्मात एकदा बरोबरीचा माणूस भेटलाय. त्यालाच मी सूट देऊन कमी लेखू?"

माझं डोकं फिरलं. "आणि हे जे चाललंय ती बरोबरी आहे होय? तुझी सावली खेळतेय त्यांच्याशी. ते तरी कळू दे त्यांना!"

तो वळला. टेबलापाशी गेला आणि त्यानं डावा हात मागच्या खिशात घातला.

अख्खा हॉल उठला. शिट्ट्या काय, आरोळ्या काय! आपल्याकडच्या लोकांना पार्तिदा दुरूनही ओळखू येते. "दे, दे, अजून सूट दे!" कुणीतरी ओरडलं. श्यूंचे कान लाल झाले. त्यांनी आपली काठी आडवी ठेवली आणि पंचांना बोलावलं. नियमात एका हाताला मनाई नाही, पंच म्हणाले. पण श्यू बसेनात. शेवटी त्यांची भाषा येणारी एक मुलगी आली आणि तिनं पिस्तोला सांगितलं, "ते म्हणतात, मी इथं चेष्टा करून घ्यायला आलेलो नाही."

पिस्तोचा आवाज मला कठड्यापर्यंत नीट ऐकू आला. "त्यांना सांग, बाई, ही सूट नाही. माझ्या गावानं मला इतकी वर्षं एकाच हातानं खेळवलंय. माझा खरा खेळ हाच. मघापासून जो खेळत होता त्याला मीसुद्धा ओळखत नाही. आणि हेही सांग, की माझ्यावर दया करू नका."

मुलीनं सांगितलं. श्यूंनी पिस्तोकडे, मग त्याच्या उजव्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग खुर्चीत जाऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "खेळा."

आणि मग पिस्तो खेळला. माझा पिस्तो, गिंबालचा पिस्तो! काठीनं मारायचा पांढरा चेंडू कडेजवळ असला की काठी कडेवर टेकवायचा, मधोमध असला की कोपर कमरेला लावून काठी नुसती हवेत तोलायचा. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, ज्याची पाळी तो चेंडू भोकात, आणि शेवटी नऊ. एका डावामागून एक डाव. श्यूंनी मध्ये एक घेतला, पण पिस्तोनं आठ-आठ अशी बरोबरी करून दाखवली. अभिमानानं माझा ऊर इतका भरून आला की शेजारच्या अनोळखी माणसाला मी दंडाला धरून सांगत होते, "आमच्या बेकरीतला आहे हो तो!"

शेवटच्या डावात श्यूंची पाळी आली. आधी सगळ्यात लहान नंबरच्या चेंडूलाच शिवावं लागतं, पण एक नंबर भोकात जाण्यासारखा नव्हता. त्यांनी टेबलाला दोन फेऱ्या मारल्या. मग एक नंबरला हलकेच धक्का देऊन तो दूर पाठवला आणि पांढरा चेंडू नवाच्या मागे असा लपवला की सरळ वाट म्हणून उरलीच नाही. निर्दयपणाच तो. लोक चिडले. "एका हाताच्या माणसाशी असं खेळता? लाज वाटत नाही?"

पिस्तो गर्रकन वळला. त्याला इतक्या मोठ्यानं बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. "गप्प बसा रे! माणूस माझ्याशी खरं खेळतोय!"

त्यानं कोपर कमरेला लावलं. पांढरा चेंडू एका कडेला आपटला, दुसऱ्या कडेला आपटला आणि एक नंबरला जेमतेम शिवला. एक नंबर सरकत जाऊन दोन चेंडूंच्या मागे असा दडला की आता श्यूंनाच वाट उरली नाही. त्यांनी खूप हिशेब करून मारलं. हुकलं. नियमाप्रमाणे पिस्तोनं पांढरा हवा तिथं ठेवला आणि टेबल साफ केलं. नववा चेंडू तर त्यानं इतका हळू मारला की तो भोकात पडेपर्यंत निल्दानं डोळे मिटून घेतले होते.

पंचांनी पिस्तोचं नाव पुकारलं. श्यू चालत आले, दोन्ही हातांनी त्याचा उजवा हात धरला आणि काहीतरी बोलले. मुलीनं सांगितलं, "ते म्हणतात, पुढच्या वर्षी आमच्या ताइनानला या. तिथंही मी तुम्हाला काहीच सोडणार नाही."

पिस्तो कठड्याकडे पळत आला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "निल्दा, ऐकलंस? काहीच सोडणार नाही म्हणाले! काहीच नाही!"

आपण जिंकलोय हे तिला सांगायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.