व्याह्यांनी उतरवलेला घाट

माझ्या व्याह्यांइतका खरा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि अशा माणसाला आठवड्यातून दोनदा घरी चहा पाजण्यासारखी शिक्षा नाही. कागलकडच्या एका साखर कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी वजनकाट्यावर काढली. काट्यावर दिसेल ते लिहायचं, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. निवृत्त झाल्यावर त्यांना तैलचित्रं शिकायची हुक्की आली आणि गुरू म्हणून त्यांनी निवडलं आमच्या सोप्यातलं, म्हणजे पुढच्या खोलीतलं, जुनं चित्र. संस्थानकाळातल्या कुणा विसरलेल्या चित्रकाराने रंगवलेला तो पंचगंगेचा घाट. धूळ बसू नये म्हणून आजोबांनी त्यावर काच घातलेली. "जुन्याची हुबेहूब नक्कल केली की हात बसतोय, पावणं," असं म्हणत दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते एसटीने येत, शर्ट खुंटीला अडकवत आणि बंडीवर त्या चित्रासमोर ठाण मांडत.

हुबेहूब म्हणजे तरी किती! माश्यांनी आभाळात सोडलेले ठिपके त्यांनी मोजून उतरवले. देवळाच्या शिखरावर ओलीचा डाग होता, तोही घेतला. "अहो, तो चित्रकाराने काढलेला नाही," मी म्हणालो. "कुणाचा का असंना, हाय न्हवं?" असं म्हणून त्यांनी त्यात थोडा तपकिरी रंग वाढवला.

एक डोळा मिटून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून ते ब्रश समोर धरत आणि पाच-पाच मिनिटं तसेच राहत. मी त्यांच्या मागे लाटणं घेऊन अगदी तस्सा उभा राही. स्वयंपाकघराच्या दारात बायको तोंडाला पदर लावून हसे आणि मग आत बोलावून मलाच झापे, "अहो, कळलं तर? पोरगी त्यांच्या घरात नांदतेय." "त्यांना काय पाठीला डोळे आहेत?" मी ऐटीत म्हणे. हे लिहितानाही माझे कान तापलेत.

चार महिन्यांनी चित्र पुरं झालं. बायकोने निरखून विचारलं, "आभाळात ही पांढरी काठी कसली हो?"

"तुमची ट्यूब की. काचंत दिसतीया."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ट्यूब दिसली, तर त्या काचेत आणखी काय काय दिसलं असेल! मी चित्राशी नाक नेऊन शोधू लागलो, आणि घाटाखालच्या काळ्या पाण्यात सापडलोच. पण हातात लाटणं नव्हतं. दोन्ही हातांनी कपबशी धरून, मान जराशी झुकवून मी त्यांचं काम कौतुकाने बघत होतो. असा मी त्या चार महिन्यांत एकदाही उभा राहिलो नव्हतो.

"पावणं, हे... दिसलं तसं नाही काढलंत," मी कसंबसं म्हणालो.

"व्हय," ब्रश पुसत ते म्हणाले. "तेवढं एक सोडलं. चित्र आमच्या सोप्यात लागणार. सूनबाई रोज बघणार की."

मला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना. माफी मागायची होती, तर मी चहा विचारला.

हात अजून बसला नाही म्हणून हल्ली त्यांनी तोच घाट पुन्हा काढायला घेतलाय. चहा मीच नेतो आणि त्यांच्या मागे थांबतो. काचेत बघून कपबशी नीट धरतो, मान जराशी झुकवतो. चित्रातल्यासारखं अजून काही जमत नाही.