सारखी वाटणी

पुण्याला मी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो तेव्हाची गोष्ट. मशीन खोलीभर आणि मेमरी चिमूटभर. पगार, स्टॉक आणि विक्री या तीन खात्यांची त्या चिमटीवरून रोज भांडणं. शेवटी साहेबांनी मेमरीचे तीन सारखे भाग केले. कुणाचं तोंड वाकडं व्हायला नको! तीच वाटणी मी रोज सकाळी मशीनला टाइप करून द्यायची.

न्याय झाला, कामाचा मात्र विचका झाला. हजारो नोंदी ओळीनं लावायच्या तर मशीनला हातपाय पसरायला जागा लागते. ती नसली की ते थोडं लावतं, टेपवर उतरवतं, परत वाचतं, परत उतरवतं. ताटलीत पोतंभर शेंगा निवडत बसावं तसं. तिन्ही कामं दिवसभर रांगायची, माझी दौंडची संध्याकाळची गाडी चुकायची आणि दौंडला खोलीवर पोचल्यावर भाकरी मोडायचंही त्राण उरायचं नाही.

वैतागून एकदा साहेबांना म्हटलं, "वाटणी मोडा. पाळीपाळीनं एकेका कामाला सगळी मेमरी द्या." ते कुरकुरत तयार झाले. शेवटची पाळी ज्याची, त्याचंही काम आधीपेक्षा लवकर उरकलं. मी दिवसाउजेडी गाडीत बसलो. दमलेल्या माणसाला एवढ्यानंही शहाणपण चढतं.

त्याच रविवारी एसटीनं गावी गेलो, शिरूरकडे, घोड नदीच्या काठी. वडिलांना, म्हणजे आबांना, आपल्या डोळ्यांदेखत रानाची वाटणी उरकायची होती. अर्धं थोरल्या दादाला, अर्धं मला. दादाचं सगळं पोट त्या रानावर. अर्ध्यावर बैलजोडी पोसत नाही, आणि नोकरदार भावानं उद्या आपला तुकडा परक्याला विकला तर? दादा ताटातली भाकरी नुसती कुस्करत बसला होता.

जेवताना मी ऑफिसातलाच उपाय काढला. "आबा, वाटणी नगं. समदं रान दादाच्या नावावर करा. मला वाटा नगं."

दादानं मान वर केली. आबांचा हात ताटातच थांबला. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"वाटा नगं म्हंतोस. मंग मी गेल्याव तू हितं कुणाच्या घरी येनार? भावाचा पाव्हना म्हनून?"

मशीनमधल्या कामाला घर नसतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी खाली मान घालून जेवलो.

सकाळी आबांनी बांधासाठी रानाच्या मधोमध दोरी ताणायला लावली. एक टोक दादाच्या हातात, एक माझ्या. दादा माझ्याकडे बघत नव्हता. टोक सोडून द्यावं असं फार वाटलं. सोडवलं नाही.