जाड पिनेचा ड्रायर

रेश्मा पष्टेचं पार्लर धसईच्या बाजारपेठेत आहे, खताच्या दुकानाच्या माडीवर. एक आरसा, एक बाकडं, आणि फक्त डावीकडे वळणारी एक गोल खुर्ची. उजवीकडे वळायचं असेल तर गिऱ्हाइकाने डावीकडून पूर्ण फेरी मारायची. पण रेश्माचं खरं काम माडीवर होतच नाही. ते होतं लोकांच्या घरात. लग्नसराई लागली की ती स्कूटीला दोन पिशव्या अडकवते आणि पाड्यापाड्यांतून नवऱ्या सजवत फिरते.

कल्याणला सहा महिन्यांचा कोर्स केला तेव्हा तिला सगळं शिकवलं होतं. लांब चेहऱ्याला कुठला अंबाडा, सावळ्या रंगाला कुठला बेस. शिकवलं एसी खोलीत, प्रत्येक खुर्चीमागे प्लगचा स्वतंत्र बोर्ड असलेल्या. नवरी ओल्या केसांनी समोर बसेल आणि घरात प्लगला एकच भोक असेल, तेही देव्हाऱ्याच्या मागे, हे कुणी शिकवलं नाही.

इकडे हळद रात्री लागते. सकाळी नवरीला डोक्यावरून न्हाऊ घालतात. मुहूर्त बाराच्या आगेमागे. म्हणजे कमरेखाली जाणारे निथळते केस आणि हातात जेमतेम अडीच तास. जुना ड्रायर चूल फुंकल्यासारखा चालायचा. म्हणून गेल्या वर्षी रेश्माने दोन हजार वॉटचा मोठा ड्रायर घेतला. खोका उघडला, वायर सोडली, आणि वायरीच्या टोकाला तीन जाडजूड पिना निघाल्या.

"ताई, ही पिन हाय का बैलाचा खुंटा?" रविना म्हणाली.

रविना धसईच्या मागे डोंगराला लागून असलेल्या पाड्यावरची. दोन वर्षं रेश्माच्या हाताखाली होती. कंगवे धुवायची, केसांचे आकडे तोंडात धरून उभी राहायची, आणि आकडे तोंडात असतानाही बोलायची.

पाण्याच्या मोटारीला किंवा गीझरला लागते तसली ती पिन. पाड्यांवरच्या घरात भोकं बारीक, टीव्ही आणि मोबाइलपुरती. पहिल्याच लग्नात नवरीच्या मामाने ड्रायर हातात घेतला, पिन भोकाला लावून बघितली आणि रेश्माकडे अशा नजरेने बघितलं की जणू ती चुकीच्या लग्नाला आली आहे.

"आमच्यात टीव्ही चालतो, मिक्सर चालतो. तुमचंच काय येवढं मोठं?"

दुसऱ्या लग्नात एकाने कानस आणली. "पिन घासून बारीक करतो, पाच मिनटात." तिसऱ्या लग्नात कुणीतरी सांगितलं, पिन कापून टाका, वायरी सोला आणि काडीपेटीच्या काड्या मारून भोकात खुपसा, आमी पाण्याची मोटर अशीच चालवतो. रेश्माने मुरबाडहून जाड पिनेची बारीक करणारा अडॅप्टर आणला. तो दुसऱ्या नवरीपर्यंत पिवळा पडला आणि चौथ्या नवरीला त्याला वास यायला लागला.

शेवटी ती एसटी स्टँडजवळच्या गणूच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेली. रविना मागोमाग.

"गणूदादा, हा टॉप कापा आणि बारीक पिनेचा लावून द्या." दुकानात पिनेला टॉप म्हणतात.

गणूने ड्रायर उलटा केला, चष्मा कपाळावर सारला, खालचा स्टिकर डोळ्याला लावून वाचला. "नाय लावणार."

"का?"

"दोन हजार वॉट. नऊ अँपिअर खेचणार हा. बारीक टॉप सहाचा असतो. सहाच्या जीपमधी नऊ बसवले तर काय होल?"

"दादा, मुरबाडच्या जीपमधी चौदा बसतात," रविना म्हणाली. "रोज."

"म्हणून तिचे टायर बघ." गणूने ड्रायर परत केला. "भोक बघून टॉप घेव नये पोरी. यंत्र बघून घ्यावा."

रेश्माचा आवाज चढला. "यंत्र माझं आहे दादा, पण भिंत लोकांची आहे. मी काय भिंती बदलत फिरू?"

"मग छोटा ड्रायर वापर."

"छोट्याने नवरीचे केस वाळेपर्यंत तिचं पहिलं मूल शाळेत जाईल."

गणू हसला नाही. बरणीतून बारीक टॉप काढून दिला मात्र. "विकायचा तर विकतो. लावणार नाय."

तो टॉप रेश्माने माडीवर बसून स्वतःच लावला, मोबाइलवर व्हिडिओ बघत. रविनाने स्क्रू धरले. ड्रायर सुरू झाला तेव्हा दोघींनी एकमेकींना टाळी दिली. पुढच्या चार नवऱ्या झाल्या. भोक शोधावं लागलं नाही, कुणी कानस आणली नाही. काम संपल्यावर पिन काढताना बोटांना चटका बसायचा. रेश्मा म्हणायची, ड्रायर आहे, गरमच होणार.

मग रविनाचंच लग्न ठरलं. मुलगा आसनगावचा. रेश्माने तिला सांगून टाकलं, तुझे केस मी करणार, तो माझा आहेर. मोठा अंबाडा, खाली सुटलेल्या वळलेल्या बटा, मागून अबोलीची झालर. रविनाने दोन वर्षं दुसऱ्यांच्या डोक्यावर तो अंबाडा बघितला होता.

"आसनगावच्या बायका मागून बघतात गो ताई," ती म्हणाली होती. "तोंड तर सगळ्याच रंगवतात. त्या आधी अंबाडा बघतात, मंग नवरी."

लग्नाच्या सकाळी सव्वानऊला न्हाऊन, पिवळं लुगडं नेसून रविना पाटावर बसली. फेब्रुवारीची सकाळ, डोंगराची सावली अजून अंगणात. केसांतून पाणी गळत होतं. रेश्माने बोर्डात पिन सारली आणि डाव्या बाजूने सुरुवात केली. वीस मिनिटांत डावी बाजू रेशमासारखी झाली. उजवीला वळणार तेवढ्यात रविनाने नाक वर केलं.

"ताई, काय तरी जळतंय."

"स्प्रेचा वास आहे."

"स्प्रे अजून पिशवीत हाय."

दोघींनी बोर्डाकडे बघितलं. पिनेभोवतीचं प्लास्टिक मेणासारखं खाली ओघळलं होतं. मग फट्ट असा आवाज आला, ड्रायर थांबला, आतल्या घरातला पंखा थांबला आणि मांडवातला स्पीकर शब्दाच्या मध्यातच गप्प झाला.

रविनाचे वडील जैतू धावत आले. बोर्ड बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "बोर्ड गेला. सकाळधरना सांगत व्हतो, बोर्ड पावण्यांच्या पंख्याला ठेवा."

रेश्माने पिन ओढली. अर्धी हातात आली, अर्धी भिंतीत राहिली. तिने ती अर्धी पिन बघितली, गणूचा कपाळावर सारलेला चष्मा आठवला, आणि दात खाल्ले. आतल्या आत म्हणाली, बोल आता, भिंती बदलत फिरू का.

पावणेदहा वाजले होते. मुहूर्त बारा दहाचा. रविनाचं डोकं मधोमध दोन झालं होतं: डावीकडे नवरी, उजवीकडे नुकतीच ओढ्यातून वर आलेली कुणीतरी.

रेश्माने गणूला फोन लावला.

"जळाला ना?"

"दादा, आत्ता नका."

"बरं. वायरीला हात लावू नको. जाड टॉप घेऊन येतो मी. जेवायला येणारच होतो." मग म्हणाला, "जाड पिनेचं भोक कुठं हाय पाड्यावर, ते बघून ठेव. टॉप आणीन, भिंत नाय आणणार."

भोक होतं. चाळीस पावलांवर सुदामची पिठाची गिरणी होती आणि तिच्या दाराशी जाड पिनेचा बोर्ड. सुदाम माणूसही चांगला. "या की," म्हणाला, "दळण बंद ठेवतो."

रेश्माने रविनाचा हात धरून तिला उठवलं. दोघी अंगणाच्या कडेला पोचल्या आणि समोर जनाकाकी उभी राहिली. ही रविनाची चुलती. कालपासून लग्नातली प्रत्येक गोष्ट तिच्या होकाराने होत होती.

"कुठं चालली?"

"गिरणीवर. केस वाळवायला."

"हळद लागलेली पोरगी मांडवाच्या भायेर जाते का कधी?"

"काकी, चाळीस पावलं आहेत."

"चार असली तरी नाय. मांडव सोडायचा तो नवऱ्याबरुबर. आमच्या पाड्याव असाच हाय."

"मग गिरणीवरून वायर ओढतो," जैतू म्हणाले आणि घरातली लांब वायर घेऊन आले. रेश्माने ती दोन बोटांत धरली. मोबाइल चार्ज करण्यापुरती, बारीक होती. कालपर्यंत तिने ती आनंदाने लावली असती.

"हीपण जळेल," ती म्हणाली.

"शेगडीव टोपली ठेव नि धुरी दे," काकी म्हणाली. "आमचे केस काय माकडांनी वाळवले का?"

"तिच्या डाव्या बाजूला तेलाचा सिरम लावलाय काकी. धुरी दिली तर नवरी पेटेल."

"लावला कशाला?"

रेश्माला उत्तर होतं, पण ते लांब होतं. तिने टॉवेल घेतला आणि उजवी बाजू झोडपायला सुरुवात केली. टॉवेल ओला झाला. दुसरा घेतला. तोही ओला झाला. सवादहा. साडेदहा. रविना पाटावर बसून टॉवेलच्या प्रत्येक फटक्याबरोबर हलत होती आणि काहीच बोलत नव्हती. तिचं गप्प बसणं रेश्माला सगळ्यात जास्त लागलं. दोन वर्षांत ही पोरगी पहिल्यांदा गप्प होती.

"बोल काहीतरी," रेश्मा म्हणाली.

"काय बोलू? लग्न माझाच हाय. लांबून बघत असती तर बोलली असती."

गणूची मोटरसायकल पावणेअकराला आली. त्याने काही न विचारता ओट्यावर बसून वायर कापली, सोलली, जाड टॉप आवळला आणि ड्रायर रेश्माच्या हातात दिला. "आता यंत्र बरोबर हाय. नवरी कुठं?"

"नवरी मांडवात. भोक गिरणीत."

गणूने चाळीस पावलांकडे बघितलं. मग जनाकाकीकडे बघितलं आणि उठून पाणी प्यायला निघून गेला.

तेव्हा रविना बोलली. "काकी, मांडव कुठवर असतो गो?"

"म्हंजे?"

"म्हंजे कुठवर मांडव नि कुठून भायेर?"

काकीने वर बघितलं. बांबूंवर जांभळीचे टहाळे टाकले होते, अजून हिरवे. "जिथवर टहाळा, तिथवर मांडव."

"मंग टहाळा गिरणीपरत लावा."

काकीने वरचा टहाळा बघितला, मग गिरणीचं दार. शब्द तिचाच होता. शेवटी तिने जैतूकडे हात केला. "भावजी, कोयता घ्या. नि सुदामला सांगा गिरणीच्या दाराला तोरण बांध. उघड्याबोडक्या दारात नवरी नाय जायाची."

दोन्ही बाजूंनी टहाळे जमिनीत रोवले, वर सुतळी ताणून पानं अडकवली. वीस मिनिटं गेली. काकी प्रत्येक टहाळ्याला कुंकू लावत पुढे सरकत होती आणि रेश्मा तिच्या मागे मोबाइलवर वेळ बघत. "काकी, सगळ्यांना लावायचं का?" "एकाला लावायचा नि दुसऱ्याला नाय? मांडव हाय का गंमत?"

अकरा दहाला रविना त्या हिरव्या बोळातून चालत गिरणीच्या दारात पोचली. रेश्माने जाड पिन जाड भोकात सारली. घट्ट बसली, जराही हलली नाही. तिला त्या घट्टपणाचाच राग आला. एवढंच तर हवं होतं, वर्षभर.

तिने बटण दाबलं. ड्रायरने मोठा श्वास घेतला आणि गिरणीतलं पंचवीस वर्षांचं तांदळाचं पीठ भिंतीवरून, पट्ट्यावरून, छतावरून उठून रविनाच्या ओल्या उजव्या बाजूवर येऊन बसलं.

सुदाम म्हणाला, "दळण बंद ठेवला होता मी."

रेश्मा खाली उंबऱ्यावर बसली. तिला रडायचं होतं, पण गणू बघत होता. रविनाने आपले पांढरे केस हातात घेऊन निरखले.

"ताई, उठ. माझा तोंड भायेर कर नि वारा भायेरच्या बाजूने मार. आतून नको."

तसं केलं. रेश्मा उंबऱ्याबाहेर टहाळ्याखाली, वायर दारातून ताणलेली, रविना पायरीवर, काकी कंगव्याने पीठ झाडणारी. पंधरा मिनिटांत केस कोरडे झाले. वळवायच्या बटांना वेळ उरला नव्हता. खालून आसनगावकरांचा बँजो ऐकू यायला लागला होता. रेश्माने साधा अंबाडा घातला, दोन वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी रविनाला शिकवला होता तोच, आणि अबोलीची झालर दुहेरी करून उजवीकडचा पांढरेपणा झाकला. आकडे तोंडात धरायला आज कुणी नव्हतं.

"वाईट झाला," ती म्हणाली. "हा नव्हता घालायचा मला."

रविनाने मागे हात नेऊन अंबाडा चाचपला. "घट्ट हाय," ती म्हणाली. "चल आता, काकी पाठी कुंकू घेऊन उभी हाय."

अक्षता पडल्या तेव्हा आसनगावच्या एका मावशीने मागून वाकून बघितलं आणि शेजारणीला विचारलं, "हिच्या फुलांवर तांदूळ आधीच कुणी टाकले गो?" रेश्मा तिच्या शेजारीच उभी होती. तिने पुढे बघत अक्षतांची मूठ टाकली.

जाड टॉप अजून ड्रायरला आहे. परवा माडीवर डोळखांबहून एका मुलीच्या आईचा फोन आला. लग्नाची तारीख सांगितली, मुलीचे केस केवढे ते सांगितलं, अंबाड्याचा फोटो पाठवू का विचारलं.

"फोटो नंतर," रेश्मा म्हणाली. "आधी सांगा, घरात जाड पिनेचं भोक आहे का?"

"कसला भोक?"

"पाण्याच्या मोटारीला असतं ते."

"मोटर शेजाऱ्यांकडं हाय. त्यांच्या पडवीत."

"किती लांब?"

"असेल वीसेक पावलं. का वो ताई?"

"मग मांडववाल्याला आजच सांगा," रेश्मा म्हणाली. "मांडव तिथपर्यंत घाला."